तालमीच्या खोलीतील दुपारचा तास

अर्जदार : मी स्वतः, वय पन्नाशीच्या पुढे, राहणार लालबाग, धंदा अर्जलेखन.

ज्यांच्या वतीने : माझी पत्नी, आणि आमच्या चाळीच्या तळमजल्यावरील खोलीत दुपारी एकत्र बसून देवीचे स्तोत्र म्हणणाऱ्या दहा-बारा स्त्रिया.

ज्यांच्याविरुद्ध : तूर्त चाळ समितीचे चिटणीस. मजकूर शेवटपर्यंत वाचल्यास या रकान्यात आणखी काही जणांची भर घालावी लागेल. त्यांत अर्जदारही येईल.

तारीख : गेले नवरात्र उठल्यानंतरचे दिवस.

साक्षीदार : पठण चालवणाऱ्या तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी, शेजारच्या चाळीतील ख्रिश्चन बाई, ज्या एका इस्पितळात रात्रपाळी करतात, आणि माझी आई, जी अंथरुणाला खिळलेली आहे व जिची साक्ष कोणी ग्राह्य धरणार नाही.

एकाही व्यक्तीचे नाव वर आलेले नाही, ही उणीव मला मान्य आहे. बिननावाचा अर्ज केराच्या टोपलीत जातो, हे मी आजवर असंख्य पक्षकारांना बजावले आहे. परंतु या प्रकरणात पत्नीची स्पष्ट ताकीद आहे. ती म्हणाली, "एकीचंही नाव घातलंत तर मी डिलाईल रोडला माहेरी जाऊन राहीन. मग आईंचं तुम्ही बघा." ही अट मी विचारपूर्वक स्वीकारली आहे.

शिवडीच्या बाजूला एका सरकारी कचेरीच्या फाटकाबाहेर, पिंपळाच्या सावलीत माझे टेबल आहे. शाळा आठवीतच सुटली, परंतु भाषा मी सोडली नाही. जुन्या अर्जलेखकांच्या हाताखाली बसून, त्यांचे मसुदे उतरवून काढता काढता मी ती कमावली. अलीकडे लोक मोबाइलवरूनच अर्ज करतात. तरीही ज्यांना आपले म्हणणे वजनदार व्हावे असे वाटते, ते माझ्याकडे येतात. वारसाची नोंद असो, पाण्याची तक्रार असो किंवा सुनेने सासऱ्याविरुद्ध केलेला अर्ज असो, मी कोणाचेही गाऱ्हाणे एका पानात बसवतो. मात्र संध्याकाळी टेबलाला साखळी घालताना अंग असे जड होते, की दिवसभरात लिहिलेली सगळी पाने कोणीतरी माझ्या पाठीवर बांधली आहेत असे वाटते. थकवा हा शब्द मी आजवर शेकडो अर्जांत लिहिला असेल. तो नेहमी माझा किंवा पक्षकाराचा असे. घरात आणखी कोणी थकत असेल, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

आमचे घर म्हणजे एक खोली आणि वर पोटमाळा. खिडकीखाली आईची खाट. आई मूळची मालवणकडची. मुंबईत इतकी वर्षे काढूनही तिची बोली बदललेली नाही. आता तिला फारसे दिसत नाही. थोड्या थोड्या वेळाने ती विचारते, "कोण आसा?" उत्तर आले नाही, तर उशाशी ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यावर चमचा आपटते. पत्नी जिथे असेल तिथून म्हणते, "मी आहे, आई." मोरीतून म्हणते, शेगडीपाशी म्हणते, अर्धवट झोपेतही म्हणते. पहाटे उठून ती ऑफिसला जाणाऱ्या माणसांचे डबे करते. त्यासाठीची भाजी भायखळ्याच्या बाजारातून तीच आणते. रात्री आईला कुशीवर वळवते. हे सर्व मी पाहत होतो. पाहणे आणि दखल घेणे यांत कचेरीत जो फरक असतो, तोच घरातही असतो.

आता खोलीविषयी. गिरण्या चालू होत्या तेव्हा आमच्या चाळीच्या तळमजल्यावर कामगारांची तालीम होती. तालीम बंद पडली, मातीचा हौद बुजवून त्यावर फरशी घातली, तरी खोलीचे नाव तेच राहिले. मल्लखांबाचा खांबही अजून उभा आहे. मे महिन्यातसुद्धा तिथली फरशी गार असते. याच खोलीत दुपारी अडीचच्या सुमारास स्त्रिया पठणाला बसत. आईजवळ त्या वेळी शेजारची एक बाई येऊन बसे. गुडघ्यांमुळे तिला फरशीवर मांडी घालता येत नसल्याने तिने हे काम आपण होऊन घेतले होते.

स्तोत्राचा अर्थ मला पत्नीने एकदा सांगितला होता. त्यात देवीला पुनःपुन्हा नमस्कार आहेत, आणि प्रत्येक नमस्कारात ती सर्व प्राण्यांमध्ये निराळ्या रूपाने राहत असल्याचे म्हटले आहे. अगोदर ती जाणीव म्हणून येते, पुढे बुद्धी, झोप, भूक, सावली. ऐकून मी म्हणालो होतो, "यादी चांगली आहे, पण क्रमवारी सुधारता आली असती." पत्नीने पोळी तव्यावर टाकली आणि विषय संपला.

नवरात्रानंतर चिटणीसांची नोटीस फळ्यावर लागली. तालमीची खोली एका पार्सल पोचवणाऱ्या कंपनीला गोदाम म्हणून भाड्याने द्यायची होती. हरकत असल्यास लेखी कळवावी, असे खाली लिहिले होते. त्याच संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी चार-पाच जणींना घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. मावशी म्हणजे गिरणी कामगाराची विधवा, आवाज खणखणीत, मला नावाने कधी हाक मारणार नाहीत.

"काय अर्जवाले, आमचा एक अर्ज लिहाल का? का टेबल असल्याशिवाय हात चालत नाही?"

मी चष्मा लावला. "हरकतीचं कारण काय लिहू?"

"पठण आहे म्हणून लिहा."

"पठण कुठेही होऊ शकतं, असं समोरचा म्हणेल. याच खोलीत का, ते सांगा."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. एकीला हसू आले, तिने पदर तोंडाला लावला. माझी पत्नी कोथिंबीर निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"फरशी गार आहे," मावशी म्हणाल्या.

"हे कारण कायद्यात बसत नाही."

"मग बसेल ते तुम्हीच घाला. तुम्ही शिकलेले." हे त्यांनी कोणत्या अर्थाने म्हटले, ते मी तेव्हा तपासले नाही.

मसुदा मी दोन दिवस घडवला. माझ्या लेखनात त्याचे स्थान वरचे आहे, असे आजही माझे मत आहे. स्तोत्राचे तत्त्वज्ञान मी त्यात सविस्तर मांडले. देवी ही केवळ मूर्तीत अथवा मंदिरात नसून चराचर व्यापून राहिलेले चैतन्य आहे. जिथे जिथे श्वास चालू आहे तिथे तिथे तिचाच वास आहे. सबब अशा सर्वव्यापी शक्तीचे स्मरण करणाऱ्या स्त्रियांस जागेपासून वंचित ठेवणे न्यायाला धरून होणार नाही. 'सबब' हा शब्द कुठे टाकावा हे फार थोड्यांना कळते. वाचून दाखवल्यावर बायकांनी माना खाली घातल्या. मी ते गांभीर्य समजलो.

समितीची सभा रविवारी सकाळी गच्चीवर भरली. चिटणीस बँकेतून निवृत्त झालेले, सौम्य बोलणारे गृहस्थ. त्यांनी माझा अर्ज उभे राहून, मोठ्याने, एकही शब्द न गाळता वाचला. माझी मान ताठ झाली.

"लेखन उत्तम आहे," ते म्हणाले. "मी तर म्हणेन, फ्रेम करून जिन्यात लावावं. आता बघा, अर्जदारांनी स्वतःच लिहून दिलंय की देवी सगळीकडे आहे. श्वास चालतो तिथे आहे. म्हणजे आपल्या दहा बाय बाराच्या खोल्यांतही आहे. समितीचं दुसरं काय म्हणणं आहे? आपापल्या घरी पठण करा, देवी तिथे हजर आहेच. पार्सलवाल्यांचं तसं नाही हो. त्यांना जागा लागते."

मागून कोणीतरी म्हणाले, "खरंय, देवीला कशाला हवी एक्स्ट्रा खोली!" सगळे हसले. हात वर झाले. महिनाअखेरीस खोलीचा ताबा कंपनीला देण्याचे ठरले.

जिन्यात मावशींनी मला गाठले. "अर्जवाले, तुम्ही वकील कुणाचे? आमचे की त्यांचे?"

"माझ्या युक्तिवादात चूक नव्हती," मी म्हणालो.

"चूक असती तर बरं झालं असतं. त्यांना तोडायला काहीतरी मिळालं असतं. तुम्ही तर त्यांचाच मुद्दा त्यांना अख्खा तयार करून दिलात."

घरी आलो तेव्हा पत्नी दुसऱ्या दिवशीच्या डब्यांची भाजी निवडत होती. रागावलेली माणसे मी रोज पाहतो. त्यांना कसे शांत करायचे ते मला ठाऊक आहे. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उद्या लवकर उठायचे आहे हे आठवल्यावर माणूस जसा दिसतो, तशी ती दिसत होती.

फेरविचाराचा अर्ज करावा आणि त्यावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात असे मी ठरवले. सगळ्या जणी एका ठिकाणी सापडाव्यात म्हणून एके दिवशी टेबल बंद करून दुपारीच चाळीत आलो. तालमीच्या खोलीचे दार लोटलेले होते. आतून स्वर येत होता. गॅलरीतून तो मी अनेकदा ऐकला असेल, नळाचा किंवा पंख्याचा आवाज ऐकावा तसा. दाराशी उभे राहून ऐकताना लक्षात आले की तो मुद्दाम खाली ठेवलेला आहे. एकीचा श्वास संपायच्या आत दुसरी शब्द उचलत होती. स्वर कुठेही तुटत नव्हता आणि कुठेही चढत नव्हता.

मी दार ढकलले. बायका गोल करून बसल्या होत्या. त्या गोलाच्या आत, मल्लखांबाच्या खांबाशी, माझी पत्नी फरशीवर कुशीवर पडलेली होती. डोळ्यांवर पदर, तोंड किंचित उघडे, एक हात डोक्याखाली आणि दुसरा फरशीवर पसरलेला.

तिला चक्कर आली असे समजून मी पुढे झालो. मावशींनी म्हणणे न थांबवता तळहात वर केला. वाहतूक थांबवणारा पोलीस करतो तसा. त्यांच्या शेजारी ती ख्रिश्चन बाई बसली होती. तिच्या हातात तिची स्वतःची जपमाळ होती. तिने ओठांवर बोट ठेवले. मी जिथे होतो तिथेच उभा राहिलो. देवी झोपेच्या रूपाने सर्वांत राहते, ही जागा आली. तिथे त्यांचा आवाज आणखी उतरला, आणि तोच एक नमस्कार त्या फिरून फिरून म्हणत राहिल्या. पुढे जायची कोणालाच घाई नव्हती. मध्ये पत्नी घोरली. एकीच्या ओठांच्या कडा हलल्या, पण शब्द चुकला नाही.

पठण संपल्यावर मावशींनी करंड्यातले कुंकू घेतले आणि झोपलेल्या माझ्या पत्नीच्या कपाळाला लावले. तिला उठवण्याची तीच रीत होती. तिने डोळे उघडताच सगळ्यांनी तिला हात जोडले, तिनेही पडल्यापडल्याच जोडले. मग तिची नजर माझ्यावर गेली.

"आईंजवळ कोण आहे?" ती दचकून उठली.

"आहे ती शेजारीण. मी सह्यांसाठी आलो होतो."

मावशी मला बाहेर घेऊन गेल्या. "बघितलंत ना? आता कारण कळलं? रोज एक जण झोपते, बाकीच्या म्हणतात. पाळी लावलेली आहे. आज तुमच्या घरचीची होती."

"म्हणजे हे पठण झोपण्यासाठी आहे?"

"पठण पठणासाठीच आहे. वीस वर्षं म्हणतोय आम्ही, ती झोप होऊन सगळ्यांत राहते म्हणून. पूर्वी कुणाला डुलकी लागली की आम्ही कोपर मारायचो. एकदा मनात आलं, जिला एवढे नमस्कार घालतो, ती समोर आली की तिलाच कोपर मारतो की! तेव्हापासून बंद. ती आली की तिला येऊ द्यायचं, आणि ती जाईपर्यंत म्हणत बसायचं."

"पण घरी झोपता येत नाही?"

ख्रिश्चन बाई चप्पल घालत होती. ती म्हणाली, "भाऊ, मी नाइट करून घरी येते ना, तर घरात सगळ्यांना तेव्हाच भूक लागते. तुमची देवी झोपू देते म्हणून मी येते. आमच्या फादरना सांगू नका हां."

"मग हे तुम्ही मला अर्जाच्या वेळी का सांगितलं नाही?" मी मावशींना विचारले.

"पठणाला जाते म्हटलं की घरचे सोडतात. झोपायला जाते म्हटलं तर कोण सोडेल? तुम्ही सोडलं असतंत?"

मी सह्यांचा कागद घडी करून खिशात घातला.

संध्याकाळी पत्नी वाटाणे सोलत होती. मी समोर बसलो. "नवा अर्ज करतो. त्यात सरळ लिहितो, बायकांना एक तास झोपायला जागा हवी."

"नाही."

"खरं कारण दिल्याशिवाय समिती ऐकणार नाही."

"आणि खरं कारण दिलंत तर समितीतल्या पुरुषांच्या घरून कुणी बाहेर पडणार नाही. त्यांच्याच बायका आहेत त्या. चिटणीसांची सून आहे. तिचं बाळ रात्रभर रडतं. ती तिथे येऊन पडते ते मेल्यासारखी. सासऱ्याला कळलं तर?"

"काय करतील? फार तर बोलतील."

"हेच. बोलतील. मग ती तास न् तास ते ऐकत बसेल, आणि झोप जायची ती जाईलच."

खाटेवरून आवाज आला, "कोण आसा?"

"मी आहे, आई," पत्नी म्हणाली. वाटाण्यांवरून हात न काढता.

असा हा पेच आहे. खरे कारण लिहिले तर बायका येणार नाहीत, आणि न लिहिले तर खोली मिळणार नाही. इतक्या वर्षांच्या धंद्यात मी असे प्रकरण हाताळलेले नाही, ज्यात पक्षकाराचे म्हणणे कागदावर आले की पक्षकाराचाच घात होतो.

महिनाअखेरीस खोलीला कंपनीचे कुलूप लागले. गार फरशीवर आता खोक्यांच्या थप्प्या आहेत. बायकांनी मोबाइलवर एकत्र पठण करून पाहिले. प्रत्येक जण आपल्या देवघरापुढे फोन उभा करून बसे. कोणाचा कुकर शिट्टी देई, कोणाचे बाळ रडे, आमच्या फोनमधून "कोण आसा?" सगळ्या चाळीत ऐकू जाई. चिटणीस म्हणाले होते ते खरे ठरले. देवी प्रत्येक खोलीत हजर होती. जाणीव म्हणून होती, भूक म्हणून तर होतीच. झोप म्हणून मात्र ती एकाही खोलीत टिकली नाही.

तेव्हा मी एक निर्णय घेतला, आणि तो माझ्या प्रकृतीला धरून नव्हता. टेबलावर 'दुपारी बंद' अशी पाटी लावून मी घरी आलो. आईजवळ बसलो आणि पत्नीला म्हणालो, "तू झोप. स्तोत्र मी म्हणतो."

ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मी तिचे जीर्ण पुस्तक उघडून वाचू लागलो. संस्कृतची मला सवय नाही, पण आवाज भारदस्त आहे.

"अहो, जरा हळू," ती भिंतीकडे पाहत म्हणाली.

मी आवाज उतरवला. थोडा वेळ गेला.

"तिथे श्वास नका घेऊ. मध्येच तुटतं."

मी तिथे श्वास घेतला नाही. पुढच्याच ओळीला खोकला आला.

"चहा ठेवू का?"

"तू झोप म्हणतोय ना मी."

"पंख्याचा वारा लागतोय का तुम्हाला? कमी करू?"

अखेर ती उठून बसली. केस सारखे करत म्हणाली, "नाही लागत हो. तुम्ही घरात असलात की नाही लागत. तुम्ही काही मागत नाही, ते कळतंय मला. पण आता काहीतरी मागाल, म्हणून कान तुमच्याकडेच राहतो."

"मी काही मागणार नाही. हवं तर लिहून देतो."

त्यावर ती हसली. त्या महिन्यात पहिल्यांदाच. "लिहून नका देऊ. मागच्या वेळी दिलं होतंत ना लिहून."

आई जागी झाली होती. "कोण आसा?"

"मी आसय, आये," मी म्हणालो.

तिने माझ्या दिशेने हात फिरवला, माझे मनगट चाचपले आणि सोडून दिले. "तू नको रे झिला. ती खंय गेली?"

"मी आहे, आई," पत्नी म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.

त्या दुपारपासून मी पुन्हा टेबलावर बसतो. घरी राहून मी तिला जे देऊ पाहत होतो, ते माझ्या घरी असण्याने मिळत नव्हते. सर्वत्र असणे देवीला जमते. माझी पत्नीही गेली कित्येक वर्षे ते करत आली आहे, मोरीत, शेगडीपाशी, आईच्या उशाशी. तिला तासभर कुठेच नसायचे आहे, आणि त्यासाठी जागा लागते. माझ्या सुंदर मसुद्यात एवढे एकच वाक्य नव्हते.

समितीकडे जाणे शक्य नाही. याहून वरिष्ठ कार्यालय मला ठाऊक नाही. म्हणून हा मजकूर मी स्वतः देवीस उद्देशून करीत आहे. आपण सर्वत्र आहात असे या स्त्रिया वर्षानुवर्षे म्हणत आल्या आहेत, आणि मी ते लेखी मान्य केलेले आहे. तेव्हा हा कागद टेबलावर राहिला काय किंवा रद्दीत गेला काय, आपणांपर्यंत पोचला असे मी धरून चालतो.

मागणी अशी : लालबाग, परळ किंवा जवळपास, गार फरशीची एक खोली, दुपारचा एक तास, जिथे आम्ही कोणी नसू. कारण विचारले जाऊ नये. झोपेच्या रूपाने आपण माझ्या पत्नीपर्यंत आजवर ज्या दाराने येत होता ते बंद झाले आहे. दुसरे कोणते उघडायचे ते आपण ठरवावे.

उत्तर कृपया लवकर द्यावे. ते तोंडी असले तरी मला चालेल. फक्त दुपारी अडीच ते साडेतीनच्या दरम्यान दार वाजवू नये. मागणी मंजूर झाली असल्यास, त्या वेळी कोणीतरी झोपलेले असेल.

आपला नम्र,
अर्जदार